मिनिटाला एकशे नव्वद

४ फेब्रुवारी

आदरणीय मामा,

नमस्कार. फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोन बंद करून पत्र्याच्या डब्यात ठेवला आहे आणि तो डबा दुसऱ्या डब्यात ठेवला आहे. कारण पुढे येईल. उत्तर पाठवताना पाकिटावर माझं दुकानातलं टोपणनाव 'मिलिमीटर' लिहू नका. पोस्टमन जिन्यातून मोठ्याने वाचत येतो.

आमच्या औषधाच्या कारखान्याशेजारी एक कॉलेज आहे. त्यांची प्रयोगशाळा दुसरीकडे हलली आणि जुनं सामान फाटकाबाहेर मांडलं होतं. त्यात किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र मिळालं. (हा शब्द शब्दकोशात पाहून तीनदा लिहून काढला आहे.) घरात चार महिन्यांचं बाळ असताना असं यंत्र समोर दिसावं आणि आपण पुढे जावं, हे मला जमलं नाही.

यंत्राला आकडे दाखवणारी काच नाही. ते टिकटिक करतं आणि आपण मोजायचं. सोबतच्या कागदावर लिहिलं आहे की वस्तूपासून चार बोटांवर धरा, एक पूर्ण मिनिट मोजा, वीस ते तीस आले तर चिंता नको. मिनिट मी बाबांच्या घड्याळावर मोजतो. लग्नात तुम्ही ते मला दिलंत तेव्हापासून त्याचा सेकंदकाटा चुकलेला नाही. यंत्र जड आहे, दोन्ही हातांनी धरावं लागतं, म्हणून घड्याळ त्याच्याच कडेला अंगठ्याखाली दाबून धरतो. काटा आणि वस्तू एका नजरेत राहतात. घड्याळाचे आकडे अंधारात हिरवे चमकतात, त्यामुळे कपाटात शिरूनसुद्धा मोजता येतं. बाबांची ही सोय मला आत्ता कळली.

आता मुद्दा. मायक्रोवेव्ह चालू असताना १९१. बंद असताना १८९. म्हणजे तो बंद झाल्याचं नुसतं दाखवतो. फ्रिज १९०. इस्त्री १९३. मिक्सर १८८. मायक्रोवेव्ह मी त्याच दिवशी गच्चीवर नेऊन ठेवला. ही म्हणाली, "दूध कशावर गरम करू?" मी म्हटलं, गॅसवर. मग गॅसही मोजला. १९०.

आईबाबा गेल्यावर तुम्ही मला दुकानात ठेवून घेतलंत. आठवीपुढे शाळा झाली नाही, पण घरातली उपकरणं आतून कशी असतात ते तुमच्याकडेच शिकलो. तेव्हा तुम्हीच सांगा, आत नेमकं काय गळतं आहे आणि ते कसं बंद करायचं? छोटी आता हात लांब करून सगळं पकडायला बघते.

आपला,
भाचा

११ फेब्रुवारी

मिलिमीटरास मामाचे आशीर्वाद आणि डोक्यात एक टपली.

पोस्टात पाकीट मागायला गेलो तर खिडकीतली बाई हळूच म्हणाली, "कोण गेलं?" म्हटलं, कुणी नाही, भाच्याच्या डोक्यातलं पुरचुंडीभर शहाणपण गेलंय.

अरे, एकतीस वर्षं हे डबे उघडतोय मी. मायक्रोवेव्हच्या दाराला बारीक जाळी असते, ती काय शोभेला? दार नीट बसत असेल, कड फाटली नसेल, खटका लागत असेल, तर बाहेर येतं ते नावालासुद्धा नाही. दार उघडलं की आतलं सगळं ठप्प. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहतो का? तसंच ते. बंद मायक्रोवेव्ह म्हणजे पत्र्याची पेटी, त्यात कांदे ठेव हवे तर. आणि इस्त्रीला कसले आलेत किरण? तिला नुसता ताप येतो.

तुझं यंत्र कॉलेजने उगाच फाटकाबाहेर काढलं नसेल. ते बिघडलंय.

आणि घड्याळाचं मधेच काय काढलंस? चालतंय ना? मग झालं. चमकतं, नाही चमकत, याची चौकशी कशाला? माणसाची आठवण मोठी. दुसरीकडे कुठे दाखवायला नेऊ नको. घड्याळवाले एकजात चोर असतात, आतलं काढून घेतात.

सामान खाली आण. सूनबाईला त्रास देऊ नको. छोटीचा पापा घे.

मामा

२० फेब्रुवारी

आदरणीय मामा,

पत्र मिळालं. दाराची कड तपासली. कागदाची पट्टी दारात धरून ओढून पाहिली, चारही बाजूंनी घट्ट आहे. मायक्रोवेव्हमध्ये दोष नाही. हेच जास्त काळजीचं आहे.

तुम्ही यंत्र बिघडलं म्हणालात, म्हणून मी पद्धतशीर तपासणी केली. टीव्ही १९०, पंखा १८७, दाराची घंटा १९२. मग विजेशी संबंध नसलेल्या वस्तू घेतल्या. लाकडी स्टूल १९१. रिकामी बादली १९०. बटाटा १८९. बटाटा मायक्रोवेव्हपासून सात फुटांवर होता, म्हणजे ते सात फूट तरी जातं. मग मी जिन्यातलं पत्रपेटीचं झाकण मोजलं. १९०. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत जातं.

चौदा वस्तू गच्चीवर नेऊन ताडपत्रीखाली ठेवल्या आहेत, प्रत्येकीला लेबल लावून. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दोनदा येऊन विचारून गेले की सेल कधी आहे, आणि मिक्सर ते आत्ताच उचलणार होते. मी त्यांना जवळ येऊ दिलं नाही. त्यांना वाटलं मी भाव वाढवतोय.

ही हाताने कपडे धुते. काल म्हणाली, "मलाही लेबल लावून वर ठेवा, निदान ऊन मिळेल." मी हिला मोजलं. १९०.

मामा, छोटीला मोजायचं मी टाळत होतो. सोमवारी मोजलं. १८८. झोपेत हसत होती. डॉक्टर म्हणतात वजन छान वाढतंय, पण डॉक्टरांनी मोजलेलं नाही. मला सांगा, घरातून काय काढून टाकलं की हा आकडा खाली येईल? मी सांगाल ते काढायला तयार आहे.

आपला,
भाचा

२७ फेब्रुवारी

मिलिमीटर,

आधी ती ताडपत्री काढ. आत वाफ धरते, मोटारीला गंज चढतो. गच्चीवरच्या मिक्सरचा मला जास्त घोर लागलाय. बटाट्याचा लागलेला नाही.

तू काय लिहितोस ते तुझं तू वाचतोस का? बादली १९०, बायको १९०, बटाटा १८९. दुकानात एकदा वजनकाट्यावर माझा डबा विसरला होता आणि आपण दिवसभर प्रत्येक वस्तू अर्धा किलो जास्त भरवत होतो, ते आठवतं? सगळ्याचं वजन सारखंच वाढलं तर वस्तूंना नाही, काट्याला विचारायचं असतं.

ते यंत्र माझ्याकडे पाठवून दे, उघडून बघतो. आणि पाठवतोच आहेस तर त्याच खोक्यात घड्याळही टाक. तेल घालायला झालं असेल. परत कधी देईन ते विचारू नको, माझ्याकडे कामं फार आहेत.

मामा

८ मार्च

आदरणीय मामा,

लांबून नमस्कार. हे पत्र वाचून झाल्यावर हात धुवा.

तुमचं काट्याचं बोलणं हिने वाचलं. मी कामावर असताना तिने यंत्र घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळावर मिनिट लावून स्वतः मोजलं. बटाटा २३. बादली २१. छोटी २२. गच्चीवर जाऊन मायक्रोवेव्ह मोजला, तो २४. यंत्र बिघडलेलं नाही. घरात काहीही नाही.

संध्याकाळी मी आलो. ती म्हणाली, आता तुमच्यासमोर मोजते. तिने यंत्र बटाट्यावर धरलं, मी शेजारी उभा राहून घड्याळ नेहमीसारखं यंत्राच्या कडेला धरून मिनिट दाखवलं. १९०.

दोघंही बराच वेळ बटाट्याकडे बघत बसलो.

मामा, ते माझ्यातून येतं. कारखान्यात साडेतीन वर्षं मी डबा मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खातो, दिवसातून एकदा, कधी दोनदा. हिशेब करून पाहिला, तो इथे लिहीत नाही. आंघोळ करून मोजलं, १९१. साबण बदलून मोजलं, १९०. केस कापून आलो, १८९. एकाचा फरक पडला, पण तेवढ्यावर घरात राहता येत नाही.

मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत राहायला गेलो आहे. चौदा वस्तूंसोबत पंधरावा. मलाही लेबल लावलं आहे, कारण कुणी चुकून आत येऊ नये. ही जेवणाचं ताट शेवटच्या पायरीवर ठेवते, मग मी उचलतो. काल म्हणाली, "मी येऊन ओढून खाली नेईन हं." मी म्हटलं, आकडा तूच काढलास. तिने ताट जरा जोरात ठेवलं. कामावर मी साहेबांना, मला सर्दी झाली आहे, असं सांगून औषधांवरची लेबलं दोन हात लांबून तपासतो. एक चूकसुद्धा सुटली नाही.

छोटीला मी पाच दिवस उचललेलं नाही. ही तिला जिन्याच्या तोंडाशी आणते, मी वरून बोलतो. परवा ती पालथी पडली म्हणे. पहिल्यांदाच. मला खालून ओरडून सांगितलं. मी विचारलं, कोणत्या कुशीवरून? ते हिच्या लक्षात राहिलं नाही.

एकच गोष्ट विचारायची आहे, आणि मला वाईट वाटेल म्हणून लपवू नका. बाबांच्या घड्याळाचं खरं काय ते सांगा. आत काय आहे ते तुम्हालाच माहीत, देताना तुम्हीच म्हणाला होतात, उघडून साफ केलं आहे. माझ्या संगतीने तेही बिघडलं असेल का? ते मी छोटीला देणार होतो. मला नाही तर निदान त्याला तरी तिच्याजवळ राहता यावं, एवढीच इच्छा आहे. म्हणून ते तुमच्याकडे पाठवलेलं नाही. इथे टाकीच्या कठड्यावर, माझ्यापासून जमेल तितकं लांब ठेवलं आहे. मिनिट लागलं की तेवढ्यापुरतं आणतो.

आपला,
भाचा

१४ मार्च

पोरा,

पोचलं. "आत काय आहे ते तुम्हालाच माहीत." "माझ्या संगतीने बिघडलं असेल का." इतका बारीक चिमटा काढायला कुठे शिकलास? पहिल्या पत्रापासून तू घड्याळ, घड्याळ करत होतास तेव्हाच मला कळलं होतं की तुला पत्ता लागलाय. किरण हे सगळं निमित्त. गच्चीवर जाऊन बसलास तो माझ्यावरचा राग आहे, आणि तो मी मान्य करतो. आता लेकराला शिक्षा करू नको.

ऐक. ते घड्याळ तुझ्या बाबांचं नाही.

दाजी गेल्यावर त्यांचं घड्याळ मी घेऊन आलो. ते मागे पडायचं. म्हटलं, तुला द्यायच्या आधी साफ करू. मी मिक्सर-फ्रिजवाला माणूस. घड्याळ उघडलं आणि मिक्सरचं काम करतो तसं सगळं पेट्रोलमध्ये बुडवलं. केसाएवढी स्प्रिंग होती, ती फडक्याला चिकटून आली. तबकडीवरचे आकडे निघून पेट्रोलमध्ये तरंगायला लागले. बाराचा आकडा मी चिमट्याने धरायला गेलो तर विरघळला. त्या दिवशी तू दुकानाच्या पुढच्या बाजूला स्क्रू मापाप्रमाणे लावत बसला होतास. तुला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. नऊ वर्षं ते मिटलेलंच आहे.

तुझं लग्न ठरल्यावर भंगारवाल्याकडे तसंच एक दिसलं. आकार तोच, काटे तेच. तो म्हणाला, जुनं फौजी घड्याळ आहे, याचे आकडे सेल नसताना, कसलाही दिवा नसताना वर्षानुवर्षं आपणहून चमकतात, काहीतरी खास रंग लावलेला आहे. मी म्हटलं, चमकतं हीच एक पंचाईत आहे, बाकी जुळतंय. पट्टा मात्र दाजींचाच काढून लावला. तेवढं खरं आहे.

तुझ्या बाबांचं घड्याळ कधी चमकलं नाही रे. दाजी त्यात वेळही बघायचे नाहीत. दुकानात आले की मलाच विचारायचे, "किती वाजले?" मी सांगितलं की मग त्यांचं घड्याळ लावायचे आणि म्हणायचे, "हं, बरोबर चाललंय."

खरं घड्याळ स्क्रूच्या डबीत होतं. सोबत पाठवतोय. चालत नाही. आकडे नाहीत. काय करायचं ते कर, पण खाली ये.

तुझा
मामा

१९ मार्च

मामांना नमस्कार,

ह्यांच्या नावाचं खोकं मी उघडलं. ताट वर नेऊन पोचवण्यापलीकडे माझे अधिकार काय आहेत ते अजून ठरलेलं नाही, पण उघडलं.

"आपणहून चमकतात" हे वाक्य वाचलं आणि मी ओट्याशी उभी राहिले. दूध उतू गेलं. मग यंत्र घेतलं, गच्चीवर गेले. हे कारखान्यात होते. घड्याळ टाकीच्या कठड्यावर रुबाबात पडलं होतं. त्याच्यासमोर यंत्र धरलं. मामा, मला मोजता आलं नाही. कढईत फोडणी तडतडते तसा आवाज येत होता. दोन पावलं मागे आले तर कमी. पुढे गेले तर पुन्हा तेच.

महिनाभर हा माणूस ते घड्याळ यंत्राला टेकवून घरभर फिरला, आणि मिक्सर बाहेर काढला. माझा मिक्सर.

संध्याकाळी तुमचं पत्र त्यांच्या हातात दिलं. जिन्यातच वाचलं. घड्याळ बाबांचं नाही, इथपर्यंत आले आणि पत्राची घडी घालायला लागले. मी म्हटलं, पुढे वाचा. पुढे वाचून म्हणाले, "म्हणजे मी नाही?" मी म्हटलं, "नाही. तुम्ही नुसतेच तुम्ही आहात." त्यांचा विश्वास बसेना. भिंतीवरच्या घड्याळावर मिनिट लावून त्यांना चार वेळा मोजलं. २२, २१, २४, २२. पाचव्यांदा मोजा म्हणाले तेव्हा मी यंत्र काढून घेतलं.

मग छोटीला त्यांच्या हातात दिलं. तिने आधी त्यांचं नाक पकडलं आणि मग शर्टावरचं लेबल ओढून काढलं.

तुमच्यावर रागावायचं की नाही ते ह्यांचं ह्यांनी ठरवावं. माझ्यापुरतं सांगते, तुम्ही आणखी एक आठवडा गप्प राहिला असतात तर मी तुमच्याकडे राहायला आले असते, पोरीला घेऊन, आणि गच्चीवरच्या चौदा वस्तू घेऊन.

तुमची सूनबाई

२६ मार्च

प्रिय मामा,

फोन डब्यांतून बाहेर काढला आहे. तरी पत्रच लिहितो, कारण फोनवर मला हे सगळं क्रमाने सांगता आलं नसतं.

घड्याळ आधी डबीत, मग डब्यात, मग वाळूत ठेवून विद्यापीठात घेऊन गेलो. तिथे याच विषयावर काम करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "आकड्यांना रेडियमचा रंग आहे. जुन्या घड्याळांत असायचा." मी विचारलं, माझं काय झालं असेल? त्या म्हणाल्या, असं घड्याळ वापरून लगेच काही होत नाही, पण ते उघडू नये, खरवडू नये, त्यातली भुकटी पोटात जाऊ देऊ नये, आणि लहान मुलाच्या हाती तर मुळीच देऊ नये. मग सहज विचारलं, "कुणाला देणार होतात का?" मी मान डोलावली. त्यांनी ते ठेवून घेतलं. पट्टा मोजून पाहिला, चौदाएक मिनिटं लावली, आणि मला परत दिला.

मायक्रोवेव्हबद्दलही विचारलं. त्या म्हणाल्या, तो वेगळ्या जातीचा किरण आहे आणि माझं यंत्र त्याला बहिरं आहे. म्हणजे त्या १९१ मध्ये मायक्रोवेव्हचा एकही टिक नव्हता. मी घरी येऊन त्याला पुसून जागेवर ठेवलं. दाराची कड तुम्ही सांगितली तशी दर रविवारी बघतो. मिक्सरला थोडा गंज चढला आहे. ही वाटताना मला फक्त त्याचा आवाज ऐकवते.

आता तुमचं. तीन दिवस मी रागावलो होतो. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही मला हाक मारली असती तर मी रडलो असतो, पण चिमट्याने बाराचा आकडा मी काढला असता. माझा हात तुमच्यापेक्षा हलका आहे, हे तुम्हालाही माहीत आहे. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं. बाबा तुम्हाला वेळ विचारायचे, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी त्यांना फार काटेकोर समजत होतो. मी त्यांच्यावर गेलो आहे असंच मला वाटायचं.

बाबांचं घड्याळ मोजलं, २२. त्याला पट्टा परत लावला. आकडे नाहीत, काटे बोटाने फिरतात. कामावरून आलो की मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारतो, "किती वाजले?" ही सांगते. मी काटे लावतो आणि म्हणतो, "हं, बरोबर चाललंय." दुसऱ्या दिवसापर्यंत ते तिथेच असतं.

तुम्ही या. छोटीने तुम्हाला पाहिलेलं नाही. ती डाव्या कुशीवरून पालथी पडते, मी स्वतः पाहिलं. दारात तुम्हाला मोजणार नाही, हा शब्द देतो.

एक कबूल करायचं राहिलं. काल दुपारी ही झोपली होती, छोटी माझ्या मांडीवर होती, आणि मी तिला शेवटचं एकदा मोजायचं ठरवलं. भिंतीवरचं घड्याळ तिथून दिसत नव्हतं, बाबांचं चालत नाही, म्हणून मिनिट मनातच धरलं. यंत्र शेजारी गादीवर टेकवून एक, दोन असं साठपर्यंत जायचं आणि टिकटिक वेगळी मोजायची, हे मला येतं. चौतीसपर्यंत आलो. तेवढ्यात ती माझ्याकडे बघून हसली आणि पुढचा आकडा कोणता ते मला आठवेना.

पुन्हा मोजलं नाही.

तुमचा,
मिलिमीटर